ऑप्शनला टाकलेले शब्द
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या शेजारी एक भाऊ-बहीण राहतात. भाऊ तेव्हा बारावीत होता, बहीण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होती. बोर्डाच्या परीक्षेला पंधरा-वीस दिवस उरले असताना एका संध्याकाळी तो मराठीचं गाईड घेऊन माझ्याकडे आला आणि दारातूनच म्हणाला, "आजी, अलंकार ऑप्शनला टाकले तर चालेल का?"

मागोमाग त्याची ताई आली. तिच्या वहीत वृत्तांची नावं, अक्षरांची संख्या आणि गण असा सुबक तक्ता होता. भुजंगप्रयात, बारा अक्षरं, य य य य. सगळा तक्ता तिला पाठ. मी विचारलं, "य गण म्हणजे काय गं?" ती हसून म्हणाली, "ते नाही विचारत, आजी. फक्त जोड्या लावायच्या असतात."

शाळेत मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. तेव्हा त्या दोघांवर रागवायचा मला अधिकार नव्हता. मराठीच्या पेपरातले हे शब्द आम्हीच त्यांच्या हातात पुडीसारखे बांधून दिले होते. उत्प्रेक्षा, अपन्हुती, यती, गण, समास. पुडी सोडून आत काय आहे ते पाहायला वेळ कुणाला होता? म्हणून त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी काही पुड्या सोडल्या. त्यातल्याच काही आज तुमच्यासमोर सोडते. तुमच्या घरातही एखादं मूल गाईड घेऊन बसलेलं असेल.

सुरुवात अर्थातच नाशिकपासून. कुसुमाग्रज हे नाव या गावात कुणाला ठाऊक नाही? तात्यासाहेब शिरवाडकरांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ चा. तो दिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. शाळाशाळांत फलक लागतात, मुलं भाषणं करतात. पण "कुसुमाग्रज म्हणजे काय?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. "त्यांचं टोपणनाव" एवढंच उत्तर येतं.

आता पुडी सोडू. 'अग्र' म्हणजे पुढे, आधी. 'ज' म्हणजे जन्मलेला. आधी जन्मला तो अग्रज, म्हणजे थोरला भाऊ. मागून जन्मला तो अनुज. चिखलात म्हणजे पंकात जन्मलं ते पंकज, म्हणजे कमळ. वर्गात एक तरी पंकज असतोच, त्याला त्या दिवशी आपल्या नावाचा अर्थ कळतो. कुसुम ही शिरवाडकरांची बहीण. कुसुमचा अग्रज तो कुसुमाग्रज. एका भावानं आपली ओळख बहिणीच्या नावानं करून दिली, हे त्या पाच अक्षरांत दडलेलं आहे. शब्द फोडताना तोंडून आपोआप जो 'चा' निघाला, ती षष्ठी विभक्ती. म्हणून हा षष्ठी तत्पुरुष समास. कृष्णाजी केशव दामले स्वतःला केशवसुत म्हणवत, तिथंही हाच समास आहे. केशवाचा सुत. मुलगा म्हणाला, "म्हणजे समास आधी नाही ओळखायचा. आधी शब्द फोडायचा, मग समास स्वतःच नाव सांगतो." मी म्हटलं, "आता तू मला शिकवायला लागलास!"

या शास्त्रातले बहुतेक शब्द मुळात घरगुती आहेत. यम म्हणजे जुळं. ओळीच्या शेवटी सारखी दिसणारी जुळी अक्षरं आली की यमक. श्लेष म्हणजे मिठी, चिकटणं. एकाच शब्दाला दोन अर्थ चिकटून बसले की श्लेष अलंकार. यती म्हणजे थांबा. ओळ म्हणताना जिथं श्वास घ्यायला थांबायचं ती जागा. चरण म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून श्लोकाच्या चौथ्या हिश्श्यालाही पाद किंवा चरण म्हणतात. याच 'पाद' शब्दाची झीज होऊन आपला 'पाव' झाला. तेव्हा वाण्याकडून पाव किलो साखर आणणारा मुलगा आणि श्लोकाचा चरण मोजणारा मुलगा एकाच शब्दाच्या घरी जाऊन येतात.

आता अलंकार. आमच्या जुन्या पुस्तकांत उदाहरणं ठरलेली असत, मुख आणि कमळ, मुख आणि चंद्र. शहरातल्या मुलांनी कमळ बघितलेलं असतंच असं नाही. आमच्या नाशकात द्राक्ष मात्र सगळ्यांनी खाल्लेलं असतं. म्हणून मी ताटलीत द्राक्षं आणली.

"हे द्राक्ष मधासारखं गोड आहे." ही उपमा. ज्याच्याबद्दल बोलायचं ते उपमेय, म्हणजे द्राक्ष. ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान, म्हणजे मध. दोघांत सारखा असलेला गुण, म्हणजे साधर्म्य, ती गोडी. आणि 'सारखं' हा साधर्म्यवाचक शब्द. चार नावं, एका वाक्यात चारही हजर.

आता द्राक्ष आणि मध तेच ठेवू. फक्त बोलणाऱ्याच्या मनात काय घडतं ते बदलत नेऊ. "हे द्राक्ष म्हणजे जणू मधाचा थेंबच." इथं मनानं कल्पनेची उडी मारली, ही उत्प्रेक्षा. जणू, जणू काही, वाटे, हे शब्द दिसले की ती ओळखू येते. "हे द्राक्ष की मधाचा थेंब?" मन दोहोंत अडकलं, हा ससंदेह. "हे द्राक्ष नव्हेच, हा मधाचा थेंब आहे." इथं खरी वस्तूच नाकारली. अपन्हुती म्हणजे लपवणं, झाकणं. "मधाचा थेंब समजून मधमाशी द्राक्षावर येऊन बसली." इथं फसगत झाली, हा भ्रांतिमान. "हे द्राक्ष मधाहून गोड." उपमेयानं उपमानाला मागं टाकलं, हा व्यतिरेक. आणि शेवटी, "या द्राक्षासारखं हेच द्राक्ष!" तुलनेला दुसरं काही मिळेचना, हा अनन्वय.

तारीफ, कल्पना, संशय, नकार, फसगत, वरचढपणा आणि शेवटी हार. एका द्राक्षावर मनाच्या सात अवस्था. बाजारात हातगाडीवाला गिऱ्हाइकाला हाक मारताना यातल्या तीन-चार सहज वापरून जातो. त्याला नावं माहीत नसतील, पण माल विकायचा कसा ते ठाऊक असतं. मुलाला आधी हाक ऐकवावी, मग नाव सांगावं. आम्ही उलट करतो. नाव आधी पाठ करून घेतो आणि हाक कधी ऐकवतच नाही.

एव्हाना ताईला तिच्या 'य य य य' ची आठवण झाली होती. वृत्त या शब्दाचा वर्तमानपत्रातला अर्थ बातमी, कवितेतला अर्थ अक्षरांची ठरलेली चाल. ही चाल मोजायला दोनच मापं लागतात. ऱ्हस्व अक्षर ते लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर ते गुरू, त्याच्या दोन मात्रा. अनुस्वाराचा किंवा विसर्गाचा स्पष्ट उच्चार होत असेल तर ऱ्हस्व अक्षरही गुरू. पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला तर तेही गुरू. 'सिन्नर' म्हणून पाहा, 'सि' वर कसा जोर येतो. 'तुम्ही' म्हणताना मात्र 'तु' वर तसा जोर येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. म्हणजे इथं निकाल डोळा देत नाही, कान देतो.

अशा तीन अक्षरांचा एक गण. लघू-गुरूंच्या जागा बदलून असे आठच गण होतात. जुन्या पंडितांनी ते लक्षात ठेवायला 'यमाताराजभानसलगं' असं एक सूत्र करून ठेवलं. कुठल्याही गणाच्या अक्षरापासून पुढची तीन अक्षरं घ्या, तो गण तयार. य साठी 'यमाता', म्हणजे लघू, गुरू, गुरू. युक्ती फार हुशारीची आहे, पण मुलांना ते सूत्रच आणखी एक मंत्र वाटतं. म्हणून आम्ही आमचं नाशिकी सूत्र केलं. तुम्ही आपापल्या जिल्ह्याचं करा.

सटाणा: लघू, गुरू, गुरू. हा य गण. दिंडोरी: तिन्ही गुरू, म गण. येवला: गुरू, लघू, गुरू, र गण. निफाड: लघू, गुरू, लघू, ज गण. खुद्द नाशिक: गुरू, लघू, लघू, भ गण. आमची गिरणा नदी: लघू, लघू, गुरू, स गण. उरले दोन. त गणासाठी लासलगावला कांद्याच्या 'बाजारा'त गेलो: गुरू, गुरू, लघू. आणि तिन्ही लघूंचा न गण कुठं मिळेना, तेव्हा मुलगाच ओरडला, "मिसळ!" आठही गण जिल्ह्याच्या हद्दीत मिळाले. एक सूचना मात्र देते. बोलताना आपण 'नाशिक्' असा शेवट तोडतो. वृत्तात मोजताना 'नाशिक' मधला 'क' पूर्ण म्हणायचा.

मग मी ताईला म्हटलं, "आता य य य य म्हण." ती म्हणाली, "सटाणा सटाणा सटाणा सटाणा." आणि तिलाच हसू आलं. बसस्थानकाबाहेर जीपवाले असंच ओरडत असतात! मी म्हटलं, "याच चालीवर मनाचे श्लोक म्हणून बघ." समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. भुजंग म्हणजे साप, प्रयात म्हणजे चाल. सापाच्या वळणदार गतीची चाल. शाळेत पाठ केलेला श्लोक तिनं टेबलावर बोटं वाजवत म्हटला आणि 'सटाणा' चा ठेका शेवटपर्यंत बरोबर पडत गेला. समर्थांनी तपश्चर्या केली असं परंपरा सांगते ती टाकळी आमच्या नाशकातच आहे. जीपवाला आणि समर्थ यांच्यात एवढं एक नातं निघेल, असं तिला वाटलं नव्हतं. ती थोडी गंभीर होऊन म्हणाली, "आजी, हे मला दहा वर्षं येत होतं. पण मला ते येतं हे मला माहीत नव्हतं."

मंडळी, माझ्या आजच्या बोलण्याचं सार या तिच्या वाक्यात आहे.

हे शब्द कुणी आकाशातून टाकलेले नाहीत, माणसांनी गरजेपोटी केलेले आहेत. इंग्रजीतला नॉव्हेल हा प्रकार एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आला, तेव्हा त्याला नाव हवं होतं. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत कथेची नायिका कादंबरी. तिचंच नाव आपण या सगळ्या प्रकाराला दिलं. हिंदीत उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा, मराठीत आणि कानडीत मात्र कादंबरी. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते, ती १८५७ ची. एका नायिकेचं नाव साऱ्या घराण्याचं आडनाव झालं म्हणायचं! चौदा ओळींचं सॉनेट केशवसुतांनी मराठीत आणलं. त्याला आधी चतुर्दशक म्हणत, पुढे सुनीत हा शब्द रुळला. मूळ शब्दाचा नाद त्यात आहे आणि 'चांगल्या रीतीनं नेलेलं' असा अर्थही आहे. माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' हा ग्रंथ १९२७ मध्ये लिहिला आणि सगळ्या मराठी पद्याची नीट वाटणी केली. लघू-गुरूंचा क्रम ठरलेला ते वृत्त, मात्रांची संख्या ठरलेली ती जाती, अक्षरांची संख्या पाहायची तो छंद. त्यांच्या हाती आधुनिक यंत्रं नव्हती, कान मात्र तयार होता. भाषा जिवंत असते तेव्हा तिच्या व्याकरणाचे शब्दही जन्म घेत असतात.

आणि काही शब्द तर पंडितांच्या आधी बायकांच्या तोंडी होते. ओवी हा शब्द ओवणे या क्रियापदावरून आला असं सांगतात. फुलं ओवावीत तसे शब्द ओवायचे. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १२९० मध्ये झाली. म्हणजे ज्ञानदेवांनी ज्या घाटात गीतेचा अर्थ ओतला, तो घाट उखळाशी आणि जात्याशी बसलेल्या बायांच्या गळ्यात आधीपासून होता. हे सांगितलं की मुलं घरी जाऊन विचारतात, "आजी, तुला ओव्या येतात?" आणि जी म्हातारी स्वतःला अडाणी समजत असते, ती जरा ताठ बसते.

आता एक जुनी गोष्ट सांगते, त्यात चूक माझी आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली. मी तेव्हा निफाड तालुक्यातल्या एका शाळेत होते. नववीच्या वर्गात द्राक्षबागाईतदाराची एक मुलगी होती. चाचणीत चेतनगुणोक्ती अलंकाराचं उदाहरण विचारलं होतं. तिनं जागा कोरी सोडली होती आणि मी तिथं लाल शून्य काढलं होतं. गारपीट झाली आणि ती चार दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा मी विचारलं, "बाग कशी आहे गं?" ती खाली बघत म्हणाली, "बाग उभीये मॅडम, पण घड रडत्यात."

गारांच्या माऱ्यानं मणी तडकतात आणि घडातून रस ठिबकत राहतो. ते तिनं पाहिलं होतं. मला त्या क्षणी काही सुचलं नाही. घरी गेल्यावर मात्र ते लाल शून्य आठवलं. चेतन, गुण आणि उक्ती. जे निर्जीव आहे त्याला सजीवाचे गुण देऊन बोलणं. याहून चांगलं उदाहरण माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं, आणि ते जिला येत होतं तिला मी 'येत नाही' असा शेरा दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला जवळ बोलावलं. वर्गासमोर नाही, तिच्या घरचं दुःख फळ्यावर मांडायचं नव्हतं. एवढंच सांगितलं की तू काल जे बोललीस त्याला शास्त्रात नाव आहे, आणि ते नाव हे. तिनं विचारलं, "मग मी कोरं का सोडलं?" त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. कदाचित असं असेल: 'चेतनगुणोक्ती' हा शब्द आपल्या बागेतल्या गोष्टीसाठी असू शकतो, हे तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

अलंकार म्हणजे दागिना, असं आपण शिकवतो. आधी साधं वाक्य, मग त्याच्या अंगावर दागिना. पण या शब्दाची फोड पाहा. 'अलम्' म्हणजे पुरे, पुरेसं. अलंकार म्हणजे पुरेसं करणं. त्या मुलीला "पन्नास टक्के नुकसान झालं" असं सांगता आलं असतं, पंचनाम्यात तसंच लिहितात. पण तिला जे सांगायचं होतं त्याला ते पुरलं नसतं. 'घड रडत्यात' म्हटल्यावर पुरलं. तो दागिना नव्हता, गरज होती.

म्हणून हे शब्द ऑप्शनला टाकू नका, असं मी मुलांना सांगते. मार्कांचा मुद्दा आहेच, पण तो लहान. मोठा मुद्दा असा की नाव कळलं की आपल्याजवळ काय आहे ते कळतं. शिवाय दुसरा आपल्याशी काय करतो आहे तेही कळतं. चौकातली जाहिरात, निवडणुकीतलं भाषण, इमारतीच्या माहितीपत्रकातलं 'स्वर्ग' हे सगळं ऐकताना "ही अतिशयोक्ती" असं मनात म्हणता आलं, तर खिसा थोडा तरी वाचतो. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. पण इंग्रजी माध्यमातल्या ज्या मुलांच्या हाती आता मराठीचं पुस्तक आलं आहे, त्यांना आम्ही पुन्हा त्याच बांधलेल्या पुड्या देणार असू, तर दर्जा भिंतीवर राहील आणि शब्द गाईडात.

पालकांना करण्यासारखं एक सोपं काम सांगते. एका वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात शास्त्रातला शब्द. दुसऱ्यात त्याची फोड किंवा घरगुती अर्थ. तिसऱ्यात उदाहरण, पण पुस्तकातलं नाही. ते घरात, रस्त्यात, बसमध्ये ऐकलेलं असावं. रोज एकच शब्द पुरे. तिसरा रकाना भरायला आठवडा लागला तरी चालेल, तो आठवडाभर मुलाचा कान जागा राहतो.

आमच्या शेजारच्या मुलानं अशी वही केली. परीक्षेचा मराठीचा पेपर देऊन तो आला तेव्हा मी विचारलं, "अलंकार सोडवलास का?" "सोडवला ना," तो म्हणाला. मग वहीच दाखवली. अनन्वयासमोरचा तिसरा रकाना बरेच दिवस रिकामा होता. तिथं त्यानं आदल्या रात्री लिहिलं होतं, "आमच्या आईसारखी आमची आईच." खाली कंसात, "ताई चिडून म्हणाली."